पैसा परका, धूर घरचा

१९८४ ते १९८६ या दोन-अडीच वर्षांत भारतातल्या रस्त्यांवर चार नव्या मोटारसायकली आल्या. सुझुकीची एएक्स १००, होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० आणि कावासाकी-बजाजची केबी १००. चारही शंभर सीसीच्या, चारही जपानी. कुणाशी भांडवलात भागीदारी होती, कुणाशी नुसता तंत्रज्ञानाचा करार. सरकारी धोरण मात्र एकच, गिऱ्हाईक एकच आणि पेट्रोलपंपही तेच. तरी त्यातल्या तीन गाड्या टू-स्ट्रोक निघाल्या आणि एकटी होंडा फोर-स्ट्रोक.

त्या काळात पुण्यात सिग्नलला गाडी उभी केलेल्यांना हा फरक समजावून सांगायला नको. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळते आणि पेट्रोलचा बराच भाग न जळता तसाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. पुढच्याने रेस केली की निळसर धूर थेट तोंडावर. रुमाल काढेपर्यंत डोळे चुरचुरायला लागलेले. यात सगळा दोष जपान्यांच्या माथी मारायचीही सोय नाही. आपली आकुर्डीची चेतक तेव्हा टू-स्ट्रोकच होती आणि तिच्यामागचा धूर अगदी अस्सल स्वदेशी होता.

होंडाने फोर-स्ट्रोक आणली ती आपल्या फुप्फुसांच्या काळजीपोटी नाही. त्या कंपनीचा हात त्या इंजिनावर आधीपासून बसलेला होता आणि जाहिरातीचा सगळा भर ॲव्हरेजवर होता: एकदा टाकी भरा आणि पेट्रोलचा विषय डोक्यातून काढून टाका. धूर कमी झाला तो जाता जाता. गिऱ्हाइकाला ॲव्हरेज पटले, तशी बाकीच्यांनाही फोर-स्ट्रोककडे वळण्याची घाई झाली. आणि १९९१, १९९६ व २००० या वर्षांत सरकारने धुराच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने आवळत नेल्या, तेव्हा उरलेल्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे दिवस भरले. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तिचे चाहते अजून हळहळतात, ते वेगळे.

परकीय गुंतवणुकीने गरीब देशांची हवा बिघडते की सुधारते, हा या पुस्तकाचा विषय. त्याची सुरुवात मी मोटारसायकलींपासून केली, कारण एकाच देशातून, एकाच सुमारास आलेल्या पैशाने आणि तंत्राने इथे दोन्ही गोष्टी करून दाखवल्या. पैसा कुठून आला एवढे कळून धुराबद्दल फार थोडे कळते. तो कुठल्या नियमाखाली आला, कुठल्या धंद्यात शिरला आणि त्याच्यामागे कोण मीटर घेऊन उभे होते, हे विचारावे लागते.

आपल्याकडे हा वाद बहुतेक वेळा त्याआधीच अडकतो. महाराष्ट्रात 'परकीय गुंतवणूक' म्हटले की एका पिढीला अजून एन्रॉन आठवते. त्या कंपनीचा गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प. १९९३ चा वीजखरेदी करार. तो अरबी समुद्रात बुडवण्याची निवडणुकीतली भाषा. १९९५ मध्ये नव्या सरकारने केलेली करारफेक आणि पुढच्याच वर्षी त्याच सरकारने केलेली नवी सोयरीक. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला कर्ज नाकारले ते तो परवडणार नाही म्हणून. विजेचा दर, जमीन, पोलिसांच्या लाठ्या या आक्षेपांत तथ्य होतेच. पण हवेच्या हिशेबात पाहिले तर चित्र उलटे दिसते. दाभोळचा पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला आणि पुढे नैसर्गिक वायूवर जायचा होता. २००१ मध्ये तो बंद पडला. महाराष्ट्राचे दिवे पेटत राहिले ते मुख्यतः कोळशावर. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र राज्य सरकारच्या कंपनीचे, कोळसा विदर्भातला, अभियंते आपले. आणि हवेच्या प्रदूषणाच्या याद्यांत चंद्रपूरचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले. एन्रॉनचे समर्थन करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. महाग वीज आणि घाण वीज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण त्या एकाच मोर्चात चालवल्या, इतकेच.

अर्थशास्त्रात या वादाचे दोन पक्ष साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आमनेसामने आहेत. पहिला पक्ष म्हणतो, श्रीमंत देशांत कायदे कडक झाले की धुराडी गरीब देशांकडे निघतात, कारण तिथे नियम ढिले आणि माणसे स्वस्त. दुसरा म्हणतो, बहुराष्ट्रीय कंपनी आपल्या मायदेशातले यंत्र आणि शिस्त सोबत आणते, शेजारचा देशी कारखानदार ते बघून शिकतो आणि एकूण धूर घटतो. पहिल्या पक्षाच्या हाती एक आयता कागद लागला तो १९९१ च्या डिसेंबरात. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीच्या अंतर्गत टिपणात घाणेरडे उद्योग गरीब देशांकडे वळवण्यामागचे अर्थशास्त्रीय तर्कशास्त्र मांडले होते. टिपण बाहेर फुटले आणि जगभर बोंब झाली. ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा पुढे आला. उपरोध असो वा नसो, त्यातले गणित अनेक उद्योगपतींनी टिपण न वाचताच केलेले होते.

त्याच वर्षी जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रुगर यांनी मेक्सिकोबरोबरच्या खुल्या व्यापाराचा विचार करताना एक उपयोगी फोड केली. पैसा आला की तीन गोष्टी एकदम घडतात. उत्पादन वाढते, म्हणून धूर वाढतो. उद्योगांचे मिश्रण बदलते: पोलाद-रसायने वाढली तर धूर आणखी वाढतो, संगणकाच्या कचेऱ्या वाढल्या तर कमी होतो. आणि तंत्र बदलते, त्याने दर नगामागचा धूर बहुधा घटतो. चाकणला हे तिन्ही डोळ्यांनी दिसते. तिथल्या परदेशी वाहन कारखान्यातले रंगकाम बंदिस्त, स्वयंचलित, जुन्या पद्धतीच्या वर्कशॉपपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण त्या कारखान्याला लागणारे हजारो सुटे भाग बनवणारी भट्टी, फौंड्री आणि प्लेटिंगची शेड भोवतालच्या गावांत पसरलेली असते, आणि त्यांना जोडणारे कंटेनर तळेगाव-चाकण रस्त्यावर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभे असतात. कंपनीच्या वार्षिक अहवालात रंगकाम येते. भोवतालच्या शेड आणि रस्त्यावरचे कंटेनर कुणाच्याच अहवालात येत नाहीत.

हिंजवडीचे तर आणखी मजेशीर आहे. भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत सेवाक्षेत्र आणि संगणक-उद्योग यांचा वाटा मोठा. या धंद्यांना धुराडेच नसते. धूर निघतो तो कंपनीत पोचणाऱ्यांच्या गाड्यांतून, वीज गेली की सुरू होणाऱ्या डिझेल जनरेटरमधून, आणि त्यांच्यासाठी उठणाऱ्या इमारतींच्या धुळीतून. संशोधकाच्या तक्त्यात ही 'स्वच्छ' गुंतवणूक असते.

मग प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? गनर एस्केलँड आणि ॲन हॅरिसन यांचा २००३ चा अभ्यास मेक्सिको, मोरोक्को, व्हेनेझुएला आणि आयव्हरी कोस्ट या देशांतल्या कारखान्यांचा होता. परदेशी मालकीचे कारखाने देशी कारखान्यांपेक्षा ऊर्जा कमी आणि तुलनेने स्वच्छ वापरतात असे त्यांना दिसले. ढिल्या कायद्यासाठी कंपन्या धावत येतात याचा भक्कम पुरावा सापडला नाही. हे पटण्यासारखे आहे. बहुतेक उद्योगांत प्रदूषण रोखण्याचा खर्च एकूण खर्चात लहान असतो; बंदर, वीज, मजुरी, बाजारपेठ यांचे गणित मोठे. ज्युडिथ डीन, मेरी लव्हली आणि हुआ वांग यांनी २००९ मध्ये चीनबद्दल मांडलेला निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो. ढिल्या नियमांच्या प्रांतांकडे ओढले जाणारे गुंतवणूकदार त्यांना सापडले, पण ते हाँगकाँग, मकाव आणि तैवानकडून आलेले, तेही अतिप्रदूषक उद्योगांतले. श्रीमंत औद्योगिक देशांतून आलेल्या पैशात ती ओढ दिसली नाही. म्हणजे 'परकीय' ही एक जात नाही, तिच्यात पोटजाती आहेत. आपल्याकडे तर त्या ओळखणेही कठीण, कारण वर्षानुवर्षे आपल्या परकीय गुंतवणुकीचा मोठा ओघ मॉरिशसमार्गे आला. करसवलतीसाठी. मॉरिशसमध्ये कोणी पोलादाची भट्टी बांधून आपल्याला तंत्रज्ञान देत नव्हते. तो पैसा अमेरिकेचा की अंधेरीचा हे आकडेवारीला सांगता येत नाही. अशा आकड्यांवर चालवलेल्या समीकरणांकडे वाचकाने थोडे डोळे बारीक करून पाहावे.

सरासरीने मात्र फसू नये. सरासरीत नाहीशी होणारी एखादी गोष्ट एखाद्या गावाचे वाटोळे करत असते. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचेच घ्या. बॅटरी फोडून तिच्यातले शिसे वितळवणे हा जगातल्या घाणेरड्या धंद्यांपैकी एक. हवेतून शिसे पोरांच्या अंगात जाते. अमेरिकेने हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून ०.१५ वर आणली, दहापट कडक, आणि ती २००९ मध्ये लागू झाली. सीमेपलीकडे मेक्सिकोत जुनीच मर्यादा राहिली. त्यानंतर अमेरिकेतल्या वापरलेल्या बॅटऱ्यांची मेक्सिकोकडे रीघ लागली. शिन्सुके तानाका, केन्सुके तेशिमा आणि एरिक व्हरहूगन यांनी मेक्सिकोतल्या जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा अशा कारखान्यांच्या अगदी जवळ राहणाऱ्या आयांना कमी वजनाची बाळे होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याच काळात अमेरिकेतली हवा सुधारली, ही बातमीही खरीच होती. इथे कायद्यातला फरक हेच धंद्याचे भांडवल होते. सगळ्या उद्योगांना हे लागू नाही. पण ज्यांना लागू आहे तेच सर्वात विषारी आहेत.

जपाननेही हे केले होते. कावासाकी स्टीलच्या चिबा इथल्या कारखान्याला नागरिकांचा विरोध तीव्र झाला, तेव्हा खनिज भाजून त्याचे ढेकूळ करण्याचा, म्हणजे सर्वात जास्त धूर-धुळीचा टप्पा, १९७० च्या दशकात फिलिपिन्सच्या मिंडनाओ बेटावर गेला. तयार माल बोटीने परत जपानला. पोलाद जपानचे, धूळ मिंडनाओची.

भोपाळ या पुस्तकात आहे आणि नाहीही. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र हा अपघात होता. इथे आपण रोजच्या धुराबद्दल बोलतो आहोत. तरी एक तपशील विसरता येत नाही. युनियन कार्बाइड इंडियामध्ये अमेरिकी कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता आणि आपला हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ चा, म्हणजे वायुगळतीआधी तीन वर्षांचा. कायदा होता, मंडळे होती.

जवळून पाहायचे तर मी वाचकाला माहुलला नेईन. चेंबूरच्या दक्षिणेला खाडीकाठचे कोळ्यांचे जुने गाव. स्वतंत्र भारतातली पहिली मोठी परकीय औद्योगिक गुंतवणूक ज्या मोजक्या ठिकाणी आली त्यांतले हे एक: स्टँडर्ड व्हॅक्यूमची रिफायनरी १९५४ ची, बर्मा-शेलची १९५५ ची. तेव्हा ही जागा शहराबाहेर होती. पहिली १९७४ मध्ये सरकारकडे आली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, दुसरी १९७६ मध्ये आली आणि पुढे भारत पेट्रोलियम. परका मालक गेला. पाट्या बदलल्या. टाक्या वाढल्या, भोवती रसायनांची साठवण आली, आणि शहर चालत चालत त्यांच्या दारात येऊन पोचले. त्यावर कडी म्हणजे तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तिथल्या लोकांना महापालिकेने घरे दिली ती याच माहुलमध्ये. सात मजली इमारतींच्या रांगा. खिडकी उघडली की रिफायनरी. डोके दुखणे, मळमळ, दमा, अंगावर चट्टे, आणि रात्री अंगावर येणारा तो गोडसर-उग्र वास. माणसे घरे सोडून रस्त्यावर येऊन बसली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना माहुललाच राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर नाही तर भाडे द्या, असे बजावले. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दोन सरकारी तेल कंपन्या आणि दोन खासगी साठवण कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली. माहुलच्या बाईला तिच्या खिडकीतला वास स्टँडर्ड व्हॅक्यूमचा की हिंदुस्तान पेट्रोलियमचा हे विचारून पाहावे.

कायदा असणे आणि मोजणारा असणे यांतले अंतर फोक्सवॅगनने दाखवले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखते आणि तेवढ्यापुरता धूर कमी करते. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबरात ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीचे म्हणणे असे की भारतीय नियम मोडलेलाच नाही. यातली खोच अशी की तेव्हा आपल्या नियमात गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजण्याची अटच नव्हती. हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड सांगितला, सर्वोच्च न्यायालयाने वसुली थांबवली. रस्त्यावरच्या चाचणीची अट आपल्याकडे लागू झाली ती एप्रिल २०२३ पासून. अमेरिकेतही हे आधी पकडले ते कुठल्या निरीक्षकाने नाही. एका विद्यापीठातल्या मंडळींनी गाडीच्या मागे यंत्र बांधून ती रस्त्यावर पळवली, म्हणून सापडले.

धूर कुठे निघतो आणि माल कुठे वापरला जातो, हा हिशेब जागतिक पातळीवर एकदा मांडला गेला आहे. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने २००७ सालचे गणित केले. सूक्ष्म धूलिकणांमुळे जगात झालेल्या सुमारे ३४.५ लाख अकाली मृत्यूंपैकी २२ टक्के, म्हणजे साडेसात लाखांवर मृत्यू, अशा मालाशी जोडलेले होते जो एका प्रदेशात बनला आणि दुसऱ्या प्रदेशात वापरला गेला. वाऱ्याने सीमा ओलांडून नेलेल्या धुराचे मृत्यू याच्या जवळपास निम्मे. म्हणजे वाऱ्यापेक्षा जहाजांनी जास्त धूर हलवला.

आणि आता आपणही गुंतवणूकदार आहोत, हे या विषयावर मराठीत बोलताना सहसा कोणाच्या लक्षात नसते. बांगलादेशातला रामपालचा १,३२० मेगावॉटचा कोळसा प्रकल्प आपल्या एनटीपीसीच्या निम्म्या भागीदारीत, आपल्या एक्झिम बँकेच्या कर्जावर, सुंदरबनपासून सुमारे १४ किलोमीटरवर उभा राहिला. एवढ्या जवळ भारतात तरी परवानगी मिळाली असती का, हा तिथल्या विरोधकांचा प्रश्न होता. झारखंडमधल्या गोड्डाचे उलटे. १,६०० मेगावॉटचे केंद्र भारतीय कंपनीचे, कोळसा आयात केलेला, वीज बांगलादेशासाठी आणि राख-धूर संथाल परगण्यात. यातला परका कोण, हे ठरवायला बसले तर सकाळ होईल.

सर्वात अवघड प्रकरण इंडोनेशियाचे आहे आणि पुस्तकातही त्याला जास्त पाने दिलेली आहेत. सुलावेसी बेटावरच्या मोरोवाली इथे २०१३ नंतर चिनी भांडवलावर निकेलची प्रचंड औद्योगिक वसाहत उभी राहिली. २०२० पासून इंडोनेशियाने कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली: खनिज हवे असेल तर भट्ट्या इथे टाका. आपल्याकडच्या कोणत्याही स्वदेशीवाल्याला आवडावे असे धोरण. भट्ट्या आल्या, नोकऱ्या आल्या, आणि त्यांना लागणारी वीज वसाहतीतच कोळसा जाळून तयार होऊ लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये शी जिनपिंग यांनी चीन परदेशात नवी कोळसा वीजकेंद्रे बांधणार नाही असे संयुक्त राष्ट्रांत जाहीर केले. कारखान्याच्या आवारातली, त्याच्याच कामाची केंद्रे त्यानंतरही उभी राहत गेली. या निकेलचा बराच भाग स्टेनलेस स्टीलमध्ये जातो आणि वाढता वाटा विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत. शांघाय किंवा ऑस्लोच्या रस्त्यावर जो धूर दिसेनासा होतो त्यातला काही मोरोवालीतल्या बाहोदोपीच्या वस्तीत दिसतो. इंडोनेशियाने हे करायला नको होते, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्यांनी चिमण्यांची अट खनिजाच्या अटीइतकीच कडक का ठेवली नाही, हे मात्र विचारता येते.

तोच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. कोळशाच्या वीजकेंद्रांनी गंधकाचा धूर धुऊन सोडावा हा नियम आपण डिसेंबर २०१५ मध्ये केला, मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट दिली. या सुटीसाठी रांगेत कोणी बहुराष्ट्रीय कंपनी उभी नव्हती.

वाचकाला एक सूचना करून मी बाजूला होतो. पुढची प्रकरणे वाचताना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचे एखादे संमतीपत्र, ज्याला एमआयडीसीत सगळे 'कन्सेंट' म्हणतात, उघडून शेजारी ठेवा. आपल्या गावाजवळच्या कारखान्याचे असेल तर उत्तम. इंग्रजीत असते, पण तक्ता समजायला सोपा आहे. धुराडे क्रमांक, ते कशाला जोडलेले आहे, उंची किती मीटर, इंधन कोणते आणि किती, त्यात गंधक किती, रोज किती किलो सल्फर डायऑक्साइड सोडायला परवानगी. त्या पत्रात कारखान्याची भांडवली गुंतवणूक कोटींत लिहिलेली असते, कारण मंडळाची फी तिच्यावर ठरते. भांडवल कुठल्या देशाचे, याला रकाना नाही. उंचीचा आणि किलोंचा रकाना आधी वाचा. मग बाहेर जाऊन त्या चिमणीकडे बघा, शक्यतो रात्री अकरानंतर. दिवसा ती बहुधा सभ्य असते.